नेहरूंच्या मंत्रिमंडळातले राजीनामे आणि बाबासाहेबांचा राजीनामा

मागच्या महिन्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने हात वर केला आणि सरळ विचारले, "बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, मान्य. पण त्यानं नेहरूंचं काय बिघडलं? सरकार पडलं नाही, बिल पास झालं नाही, वर चार महिन्यांत बाबासाहेब निवडणूकही हरले. मग राजीनाम्यानं मिळवलं काय?" एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी त्याला तिथेच गप्प केले. असे प्रश्न विचारायचे नसतात म्हणाले. आम्हाला ते गप्प करणे पटले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रश्न विचारायला शिकवले, त्याच्याविषयी प्रश्न विचारला म्हणून मुलाला खाली बसवायचे, हे कुठले आंबेडकरवादीपण? त्या मुलाचा प्रश्न अडचणीचा आहे, पण प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर भक्तीने नाही तर इतिहासानेच द्यावे लागेल.

दरवर्षी २७ सप्टेंबरला आपल्या मोबाइलवर एकच चित्र फिरते. 'स्त्रियांच्या हक्कासाठी मंत्रिपदावर लाथ मारणारा महामानव.' त्यात खोटे काही नाही. पण ते अर्धे आहे, आणि अर्धे सत्य शत्रूच्या फार कामाला येते. म्हणून हा राजीनामा एकटा उचलून न बघता त्या दोन वर्षांत दिल्लीत जे राजीनाम्यांचे सत्र चालले होते, त्याच्या मध्ये ठेवून बघू.

१५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंचे पहिले मंत्रिमंडळ बसले तेव्हा त्यात काँग्रेसबाहेरची बरीच माणसे होती. हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी, अकाली बलदेवसिंग, अर्थखात्याला षण्मुखम चेट्टी, जॉन मथाई, आणि कायदेमंत्री म्हणून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब. देश नवा, फाळणीची जखम ताजी, त्यामुळे सर्वांना बरोबर घेतल्याचे दाखवणे काँग्रेसला आवश्यक होते. हे औदार्य किती दिवस टिकणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता. चेट्टी ऑगस्ट १९४८ मध्ये गेले. ते प्रकरण वेगळे होते, त्यात शिरत नाही. खरी गळती १९५० मध्ये सुरू झाली.

एप्रिल १९५० मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांच्यात दोन्ही देशांतल्या अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा करार झाला. पूर्व बंगालमधून हिंदू निर्वासितांचे लोंढे कलकत्त्यात येत होते आणि कराराने काही होणार नाही, असे बंगालमधल्या पुष्कळांचे मत होते. मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी या दोन बंगाली मंत्र्यांनी राजीनामे दिले. पाठोपाठ अर्थमंत्री जॉन मथाई गेले. त्यांचे भांडण नियोजन आयोगाशी होते. मार्च १९५० मध्ये स्थापन झालेला हा आयोग म्हणजे मंत्रिमंडळाच्या डोक्यावर बसलेले दुसरे मंत्रिमंडळ, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या जागी आले आपल्या कोकणातले चिंतामणराव देशमुख. ते नाव ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सीमेपलीकडे एक राजीनामा झाला, ज्याची आठवण आपल्या चळवळीतही फार थोड्यांना आहे. पाकिस्तानचे पहिले कायदा आणि कामगार मंत्री जोगेंद्रनाथ मंडल यांनी ८ ऑक्टोबर १९५० ला लियाकत अलींना लांबलचक पत्र लिहून मंत्रिपद सोडले आणि ते कलकत्त्याला आले. पूर्व बंगालमधल्या नामशूद्रांवर झालेले हल्ले, पोलिसांची वागणूक, दिलेली आणि मोडलेली आश्वासने, सगळे त्या पत्रात आहे. हे तेच मंडल, ज्यांनी १९४६ मध्ये मुंबईत सगळे दरवाजे बंद झाले असताना बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेवर निवडून आणले. दोन नवे देश, दोन्हींचे पहिले कायदेमंत्री अस्पृश्य समाजातले, आणि एक वर्षाच्या अंतराने दोघेही मंत्रिमंडळाबाहेर. धर्म वेगळे, झेंडे वेगळे, पंतप्रधान वेगळे. आम्ही हा निव्वळ योगायोग मानत नाही.

आता नेहरूंच्या घरात काय चालले होते ते बघू. सप्टेंबर १९५० मध्ये आपल्या नाशिकला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याआधीच अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आचार्य कृपलानी आणि शंकरराव देव यांना हरवून पुरुषोत्तमदास टंडन अध्यक्ष झाले होते. टंडन म्हणजे काँग्रेसमधला सनातनी हिंदू प्रवाह. सरदार पटेलांचा त्यांना पाठिंबा होता आणि नेहरूंचा उघड विरोध. म्हणजे पंतप्रधानाचा स्वतःच्या पक्षात पराभव झाला होता. डिसेंबरमध्ये पटेल वारले, तरी पक्षयंत्रणा टंडन यांच्याच हातात राहिली. पुढच्या वर्षी कृपलानी काँग्रेस सोडून गेले आणि किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. नेहरूंचे उत्तर प्रदेशातले जवळचे सहकारी रफी अहमद किडवई आणि अजितप्रसाद जैन यांनीही १९५१ च्या उन्हाळ्यानंतर राजीनामे पुढे केले. जैन थांबले, किडवई बाहेर पडले. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर, अन्नधान्याची टंचाई, काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत अडकलेला, मंत्री एकेक करून बाहेर. पंतप्रधान खरोखरच अडचणीत होते, हे कबूल केलेच पाहिजे.

आणि मग नेहरूंनी काय केले? त्यांनीही राजीनामाच दिला! पंतप्रधानपदाचा नव्हे, तर काँग्रेस कार्यकारिणीचा. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी टंडन यांना कळवले की मी तुमच्या कार्यकारिणीत राहू शकत नाही. निवडणूक तीन महिन्यांवर, आणि नेहरूंच्या चेहऱ्याशिवाय काँग्रेसला मते मागायला दुसरा चेहरा नाही. पक्षाचे धाबे दणाणले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टंडन यांनी अध्यक्षपद सोडले आणि नेहरू पंतप्रधान असतानाच काँग्रेसचे अध्यक्षही झाले. एका राजीनाम्याच्या धाकाने त्यांनी अख्खा पक्ष खिशात घातला. राजीनामा हे हत्यार कसे चालवायचे, हे नेहरूंना उत्तम कळत होते.

ही तारीख आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. कारण "नेहरू बिचारे मनाने हिंदू कोडाच्या बाजूचे होते, पण सनातन्यांपुढे दुबळे पडले", असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. दुबळे कधी? १९५० मध्ये म्हणाल तर ऐकून घेऊ. पण हिंदू कोड गुंडाळले गेले ते सप्टेंबर १९५१ च्या शेवटच्या पंधरवड्यात, म्हणजे टंडन यांना घालवून पक्ष आणि सरकार दोन्ही एका हातात आल्यावर थोड्याच दिवसांत. इतके बळ नेहरूंकडे त्याआधी कधीच नव्हते.

हिंदू कोडाची कुळकथा थोडक्यात. बी. एन. राव समितीने १९४० च्या दशकात मसुदा केला, एप्रिल १९४७ मध्ये तो विधिमंडळात आला, एप्रिल १९४८ मध्ये बाबासाहेबांच्या प्रस्तावाने प्रवर समितीकडे गेला आणि त्याच वर्षी सुधारून परत आला. त्यानंतर तीन वर्षे नुसती चालढकल. एकपत्नीत्व, घटस्फोटाचा हक्क, मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी, आंतरजातीय विवाह आणि दत्तक यांतला जातीचा अडसर काढणे, अशा त्याच्या ठळक गोष्टी. करपात्री महाराजांसारखे साधू रस्त्यावर उतरले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी १५ सप्टेंबर १९५१ ला नेहरूंना पत्र लिहून कळवले की संमतीसाठी आलेल्या विधेयकाचा स्वतःच्या बुद्धीने विचार करण्याचा आपल्याला अधिकार आहे. नेहरूंनी ते मानले नाही, कायदेपंडितांचा सल्लाही नेहरूंच्याच बाजूने आला. म्हणजे घटनात्मक अडचणही उरली नव्हती.

इथे आपल्या लोकांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. "हे बिल सवर्ण बायकांसाठी होते, आपल्याला त्याचे काय", असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. आपल्या आणि बहुजन जातींत काडीमोड होती, पाट लागत होता, विधवेला दुसरे घर करता येत होते. बाबासाहेबांनी हे संसदेतच सांगितले होते की ज्यांना शूद्र म्हणता त्या बहुसंख्य हिंदूंमध्ये घटस्फोटाची रूढी आहेच. मग मूठभरांचा कायदा सगळ्यांवर का लादायचा? पण बिलाचे मूळ त्याहून खोल आहे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीवर निबंध वाचला, त्यात जात म्हणजे जातीतच लग्न, आणि ते टिकवण्यासाठी स्त्रीवर बंधने, ही मांडणी आहे. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांची उकल तिथे आहे. म्हणजे पंचविशीतल्या तरुणाने जातीचे कुलूप कुठे आहे ते शोधले आणि साठीकडे झुकलेला कायदेमंत्री त्या कुलपाची किल्ली कायद्याच्या रूपाने घडवत होता. हे बिल जातिअंताचेच बिल होते. सनातन्यांना ते आपल्यापेक्षा आधी कळले, म्हणून तर ते एवढे चवताळले.

१० ऑगस्ट १९५१ ला बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृती ठीक नाही, डॉक्टरांच्या हाती स्वतःला सोपवण्यापूर्वी हे बिल पुरे करायचे आहे, तेव्हा १६ ऑगस्टला ते घ्यावे म्हणजे १ सप्टेंबरपर्यंत संपेल. नेहरूंचे उत्तर सबुरीचे होते. शेवटी १७ सप्टेंबरला चर्चा सुरू झाली, तीही सगळ्या बिलावर नव्हे. निदान विवाह आणि घटस्फोटाचा भाग तरी पास करू, अशी तडजोड झाली होती. बाबासाहेबांनी तीही मान्य केली. मग नुसती भाषणांची लांबण. चार कलमे मंजूर झाली, त्यातले चौथे हे जुनी शास्त्रे आणि रूढी यांच्यावर नव्या कायद्याला वरचढ ठरवणारे, म्हणजे बिलाचा आत्मा. प्रत्येक मतदानात बहुमत बिलाच्या बाजूने. आणि मग वेळ नाही म्हणून विवाहाचा भागही बाजूला ठेवण्यात आला.

बाबासाहेबांनी निवेदनात जे हिशेब मांडले आहेत ते वाचताना आजही रक्त तापते. पक्षाच्या बैठकीत ४४ कलमे साडेतीन तासांत मंजूर झाली होती, मग सभागृहात चार कलमांना इतके दिवस का लागावेत? मुख्य प्रतोद बिलाच्या विरोधात काम करतो आणि पंतप्रधान त्याला हात लावत नाहीत. प्रतोद पंतप्रधानाशी बेइमान, आणि पंतप्रधान मात्र त्या प्रतोदाशी इमानदार, अशा अर्थाचा त्यांनी मारलेला टोला म्हणजे संसदीय मराठीत ज्याला कोपरखळी म्हणतात त्याच्या फार पुढचा आहे.

२७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. आपल्या नावावरची बाकी विधेयके पूर्ण करून, अधिवेशनाच्या शेवटी सभागृहात निवेदन करून जाण्याचे ठरले. ११ ऑक्टोबर १९५१ ला ते निवेदन करायला उभे राहणार, तर उपसभापती म्हणाले, संध्याकाळी सहाला करा. आणि निवेदनाची प्रत आधी मिळायला हवी. राजीनामा दिलेल्या मंत्र्याने आपली बाजू मांडणे हा संसदीय लोकशाहीतला मान्य हक्क. ज्याने संविधानाचा मसुदा सभागृहात कलमागून कलम लढवला, त्याला सांगितले जात होते की तू काय बोलणार ते आधी दाखव. बाबासाहेबांनी ती सेन्सॉरशिप मानली नाही. ते सभागृहातून निघून गेले आणि निवेदन बाहेर वृत्तपत्रांना दिले.

ते निवेदन महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणांच्या चौदाव्या खंडाच्या दुसऱ्या भागात आहे. दहा-बारा पाने. आम्ही प्रत्येक कार्यकर्त्याला विनवतो, एकदा सबंध वाचा. कारण त्यात हिंदू कोड हे शेवटचे कारण आहे, एकमेव नाही.

पहिले कारण मंत्रिमंडळात मिळालेल्या वागणुकीचे. कायदाखाते म्हणजे रिकामी पेटी, हे त्यांना आधीपासून माहीत होते. नियोजन खाते देण्याचे आश्वासन नेहरूंनी दिले होते, ते पाळले नाही. खाती एका मंत्र्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली, बाबासाहेबांचा विचार कोणी केला नाही. परराष्ट्र समिती, संरक्षण समिती, कशातच त्यांना घेतले नाही. ज्याचा डॉक्टरेटचा अभ्यास रुपयाचा आणि सरकारी अर्थव्यवहाराचा, त्याला आर्थिक कारभारापासून चार वर्षे लांब ठेवले. कुणी म्हणेल ही पदाची हाव. आम्ही म्हणतो, आजही आपल्या अधिकाऱ्यांना आणि मंत्र्यांना कुठली खाती मिळतात ते पाहा आणि मग हावेची भाषा करा.

दुसरे कारण मागासवर्गीयांचे. संविधानाने मागासवर्गांसाठी आयोग नेमण्याची तरतूद केली, कलम ३४०. संविधान लागू होऊन दीड वर्ष झाले तरी सरकारने आयोग नेमला नाही. अनुसूचित जातींवरचे जुलूम तसेच चालू. ओबीसी बांधवांनो, तुमच्या आयोगासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस हाच, हे तुम्हाला कोणी सांगितले का? आम्ही सांगितले नाही, ही आमचीही चूक. आम्ही त्यांना 'दलितांचे' आणि फार तर 'स्त्रियांचे' म्हणत राहिलो.

तिसरे परराष्ट्र धोरण. ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, कारण आपल्याला मित्र उरलेला नाही. काश्मीरबाबत त्यांचे मत फाळणीचे होते: हिंदू आणि बौद्ध भाग भारताला, मुस्लिम भाग पाकिस्तानला, किंवा फार तर सार्वमत खोऱ्यापुरते. पूर्व बंगालमधल्या हिंदूंच्या हालांकडे दुर्लक्ष होते आहे, हीही तक्रार आहे. चौथे, मंत्रिमंडळ हे आता निर्णय घेणारी जागा उरली नाही, समित्या परस्पर ठरवतात आणि बाकीचे सह्या करतात. आणि पाचवे हिंदू कोड.

निवेदनात एक वाक्य असे आहे जे गेली काही वर्षे संघवाले सुटे काढून फिरवतात. पंतप्रधानांचे सगळे लक्ष मुसलमानांच्या रक्षणाकडे, मग अनुसूचित जाती-जमातींचे काय, अशा अर्थाचे. आपले काही तरुण ते ऐकून गोंधळतात, काही तर ते वाक्य निवेदनात नाहीच म्हणून भांडतात. ते आहे. लपवू नका. पण त्याच ठिकाणी बाबासाहेब म्हणतात की मुसलमानांना जिथे गरज आहे तिथे संरक्षण मिळावे याला माझा विरोध नाही. तक्रार संरक्षणाविरुद्ध नाही, एकाला देऊन दुसऱ्याला विसरण्याविरुद्ध आहे. आणि जे आज हे वाक्य मिरवतात, त्यांना विचारा की हिंदू कोडाविरुद्ध रस्त्यावर कोण उतरले होते. निवेदनातले एक वाक्य घ्यायचे आणि ज्या विधेयकासाठी ते लिहिले गेले त्याचे मारेकरी आपणच होतो हे गिळायचे, याला काय म्हणावे?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. नेहरूंचे का बिघडले नाही?

राजीनाम्याचा दाब त्यातल्या तत्त्वावर ठरत नाही, राजीनाम्यामागे कोण उभे आहे त्यावर ठरतो. कटू आहे, पण खरे आहे. मुखर्जींच्या मागे निर्वासितांचा संताप आणि संघाचे जाळे होते. २१ ऑक्टोबर १९५१ ला, बाबासाहेबांच्या निवेदनानंतर दहाच दिवसांनी, त्यांनी जनसंघ काढला. किडवईंच्या मागे उत्तर प्रदेशच्या काँग्रेसमधला गट होता. निवडणूक संपली आणि १९५२ मध्ये ते अन्नमंत्री होऊन सन्मानाने परत आले. नेहरूंच्या मागे तर मतांची पेटीच होती. बाबासाहेबांच्या मागे त्या सभागृहात कोण होते? फाळणीनंतर बंगालची जागा गेली तेव्हा ते मुंबईतून काँग्रेसच्याच मतांवर परत आले होते. फेडरेशनचे बळ तिथे नावापुरते. दुर्गाबाई, हंसा मेहता, रेणुका राय अशा बायका बिलासाठी झुंजत होत्या, पण त्या काँग्रेसच्या शिस्तीत. ज्या कोट्यवधी स्त्रियांसाठी बिल होते, त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेच नव्हते. आणि आपला समाज तेव्हा पोटाच्या आणि विहिरीच्या लढाईत होता. म्हणून नेहरूंना हा राजीनामा परवडला. सनातन्यांची नाराजी त्यांना परवडत नव्हती, बाबासाहेबांची परवडली. निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी केलेली ही सरळ बेरीज-वजाबाकी होती.

गंमत अशी की ती बेरीज चुकीचीही ठरली. फुलपूरमध्ये हिंदू कोडाच्या विरोधावरच प्रभुदत्त ब्रह्मचारी नेहरूंविरुद्ध उभे राहिले आणि सपशेल आपटले. काँग्रेसला लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. ज्या भुताला भिऊन बिल मारले, ते मतपेटीत सापडलेच नाही.

आणि बाबासाहेब? उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना १४,५६१ मतांनी हरवले. ज्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली ही निवडणूक झाली, तो संसदेतून पार करून घेणारे मंत्री तेच होते. राजीनामा उशिरा का, याचे उत्तर देताना त्यांनी हेच सांगितले आहे: आधी संविधान, मग निवडणुकीचे कायदे, मग हिंदू कोडाची आशा. आजारपणामुळे गेलो असे कोणी म्हणू नये, हेही त्यांनी स्पष्ट केले.

म्हणजे राजीनामा वाया गेला का? आम्हाला तसे वाटत नाही, पण 'नैतिक विजय' वगैरे शब्दांवरही आम्ही समाधानी नाही. घडले काय ते पाहा. १९५५ आणि १९५६ मध्ये तेच कोड चार तुकडे करून मंजूर झाले, आणि संसदेत ते चालवणाऱ्यांत हरी विनायक पाटसकर हे मराठी मंत्री होते. काँग्रेसवाले म्हणतात, पाहा, नेहरूंनी शब्द पाळला. पाळला, पण पुरता नाही. बाबासाहेबांच्या मसुद्यात जन्माने पुरुषांना मिळणारी वडिलोपार्जित मालमत्तेतली सहदायकी मोडून काढली होती. १९५६ च्या वारसा कायद्याने ती कायम ठेवली, मुलीला बाहेर ठेवून. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला त्यात मुलाइतका हक्क दिला. म्हणजे १९५१ मध्ये जे चार दिवसांत होऊ शकले असते, त्याला चौपन्न वर्षे लागली. त्या चौपन्न वर्षांत वाटणीच्या कागदावर अंगठा उमटवून रिकाम्या हाताने सासरी परतलेल्या बहिणी किती असतील?

आणखी एक राजीनामा बाकी आहे. चिंतामणराव देशमुख. जून १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याचे नेहरूंनी जाहीर केले, आणि जुलैमध्ये देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडून लोकसभेत निवेदन केले. त्यांची मुख्य तक्रार काय होती? पंतप्रधान मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय जाहीर करतात! पाच वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी हेच सांगितले होते, तेव्हा महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत ती एका असंतुष्ट माणसाची कुरकुर ठरली. देशमुखांनी तेच म्हटले तेव्हा ते मराठी बाण्याचे प्रतीक झाले. देशमुखांचा मोठेपणा आम्ही कमी करत नाही, त्यांनी सभ्यपणे आणि धैर्याने पद सोडले. पण त्यांना संपूर्ण मराठी मुलूख मागे मिळाला, बाबासाहेबांना नाही, हा फरक कुठून आला ते ज्याचे त्याने ठरवावे. (संविधान सभेत बाबासाहेबांनीच सांगितले होते की मंत्रिमंडळाच्या कमानीतला मधला दगड पंतप्रधान. त्या दगडाचे वजन खालून कसे लागते, हे त्यांना नंतर अनुभवावे लागले.)

आजकाल कुठे अत्याचार झाला की आपण लगेच आपल्या समाजाच्या मंत्र्याचा राजीनामा मागतो. मागावा. पण मागताना त्याला दोन गोष्टी विचारा. तू आत असताना कुठली फाइल लढवलीस, त्याचा कागद आहे का? आणि तू बाहेर आलास तर आम्ही तुझ्या मागे किती दिवस उभे राहणार, हे आम्ही ठरवले आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९५१ मध्ये बाबासाहेबांकडे तारीखवार होते. दुसऱ्याचे उत्तर तेव्हा आपल्याकडे नव्हते.

त्या मुलाला आम्ही चौदावा खंड दिला, वर्गाच्या वहीत त्याच्या नावाने नोंदवून. पुढच्या रविवारी तो पानावर खूण घालून आला. हिंदू कोडाचे त्याने काही विचारले नाही. म्हणाला, "सर, आम्ही ओबीसी. ते तीनशे चाळीस कलमाचं वाचलं. मग तो आयोग नेमला कधी?" आम्ही सांगितले, २९ जानेवारी १९५३ ला, काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली. १९५५ मध्ये अहवाल आला, २,३९९ जातींची यादी त्यात होती, आणि खुद्द अध्यक्षांनीच राष्ट्रपतींना पत्र लिहून जातीच्या निकषाला विरोध केला. सरकारने अहवाल स्वीकारला नाही.

तो वहीत लिहून घेत होता. "आणि मग?" म्हणाला. मग १९७९ चा मंडल आयोग, मग १९९०. ते सगळे पुढच्या वर्गाला घेऊ म्हटले, वेळ संपली होती.